घरच्या तीन नोडच्या क्लस्टरला नॅस कोणता घ्यावा?

टिळकवाडी_टर्मिनल

नमस्कार मंडळी. नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना जागा देणारी डिस्कची पेटी, घ्यायची आहे. मांडणी अशी आहे: तीन सेकंडहँड मिनी पीसी (हेच तीन नोड), प्रत्येकी आय५-८५००टी, १६ जीबी रॅम, २५६ जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी). तिन्हींवर प्रॉक्समॉक्स (एका पीसीवर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली), त्यावर व्हीएममध्ये के३एस (कंटेनरमधली ॲप सांभाळणारं हलकं कुबरनेटिस). मध्ये आठ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच. आत्ता ज्या नोडवर जे आहे ते तिथेच अडकलेलं, नोड गेला की त्यावरचं सगळं बंद.

हवं ते: व्हीएम या नोडवरून त्या नोडवर हलवता यावी, पॉडना (के३एसवर चालणाऱ्या ॲपना) सामायिक जागा मिळावी, घरचे फोटो-व्हिडिओ (सुमारे ३ टीबी) नीट राहावेत आणि रोज बॅकअप व्हावा.

डोक्यात दोन पर्याय आहेत. चार डिस्कची तयार पेटी, म्हणजे सिनॉलॉजी डीएस९२३+ किंवा क्यूनॅप टीएस-४६४. नाहीतर इंटेल एन१०० प्रोसेसरचा बोर्ड घेऊन त्यावर ट्रूनॅस (नॅसची प्रणाली). डिस्क ४ टीबीच्या चार, रेड-५ मध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो अशी रचना). घरात इन्व्हर्टर आहे, म्हणून यूपीएस धरलेला नाही. वीजबिल गृहज्योतीत (कर्नाटकच्या मोफत वीज योजनेत) बसतं, ते बिघडायला नको. कुठे चुकतंय?

मलप्रभाकाठ

पेटीचं नंतर बघू. कोणतं लिखाण नॅसवर जाणार ते आधी ठरवा. निवड त्यावर होते, किती टीबी यावर नाही.

तीन सर्व्हरचं के३एस म्हणजे आत ईटीसीडी (क्लस्टरच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस) आलाच. हा गडी प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की झाली, म्हणजे एफसिंक झालं, याची खात्री पटल्याशिवाय पुढे सरकत नाही. शंभरातल्या नव्याण्णव वेळा ते १० मिलिसेकंदांच्या आत व्हावं अशी त्याची अपेक्षा. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला ७५ ते १०० रँडम कामं करते, म्हणजे एकेका कामालाच १० मिलिसेकंदांच्या वर जातात. त्यात नेटवर्कची ये-जा मिळवा. कुणी मोठी फाइल कॉपी करायला घेतली की लीडरचे (तिघांतल्या प्रमुखाचे) हार्टबीट, म्हणजे 'मी जिवंत आहे' हे निरोप, चुकतात, नव्याने निवडणूक होते, आणि वरून बघणाऱ्याला 'के३एस अधूनमधून अडकतं' एवढंच दिसतं.

तुमच्या मांडणीत खरी मेख इथे आहे: के३एस व्हीएममध्ये आहे. व्हीएमची डिस्क नॅसवर नेली की ईटीसीडीही गुपचूप नॅसवर गेला. त्या तीन व्हीएम नोडच्या आतल्या एनव्हीएमईवरच ठेवा. त्या हलवायची गरजही नाही, तीनपैकी एक पडली तरी ईटीसीडी चालतो.

दुसरं, एसक्यूलाइट (एकाच फाइलीतला डेटाबेस) वापरणारी ॲप एनएफएसवर (नॅसवरची फोल्डरं नेटवर्कवरून वापरायची पद्धत) ठेवू नका. होम असिस्टंट, जेलीफिन, व्हॉल्टवॉर्डन ही सगळी मुळात एसक्यूलाइटवर चालतात. एनएफएसवरच्या लॉकिंगचा, म्हणजे एका वेळी एकानेच लिहावं या कुलपाचा, भरवसा नसतो. जुना पॉड अजून मेलेला नसताना नवा दुसऱ्या नोडवर उठला, की दोघं एकाच फाइलीत लिहितात आणि फाइल जाते. मीडिया एनएफएसवर, डेटाबेस नोडवर, आणि डेटाबेसचा रात्रीचा डंप नॅसवर.

वडगावचा_माग

वरच्याशी सहमत. आता रेड-५ बद्दल.

रेड-५ मध्ये एक छोटं लिखाण म्हणजे डिस्कवर चार कामं: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (गेलेला डेटा परत काढायचा हिशेब) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. झेडएफएसच्या (ट्रूनॅसच्या फाइलसिस्टिमच्या) रेडझेड-१ मध्ये, म्हणजे तिच्या रेड-५ मध्ये, प्रकार वेगळा, पण निकाल तोच. चार डिस्क मिळून रँडम कामात एका डिस्कएवढीच ताकद देतात. त्याच चार डिस्क दोन-दोनच्या मिररमध्ये (एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर) लावल्या तर लिखाणाला दोन डिस्कची ताकद मिळते, वाचनाला चारही.

जागेचा तोटा होतो, नाही असं नाही. चार गुणिले ४ टीबीच्या मिररमधून ८ टीबी, संगणकाच्या मोजणीने ७.२८ टीआयबी. त्यातलं ८० टक्क्यांपर्यंतच भरायचं म्हटलं तर ५.८. तुमच्या ३ टीबी फोटोंना आणि बॅकअपला पुरतं. डिस्क बदलताना मिररमध्ये फक्त जोडीदारावरून कॉपी होते, बाकीच्या दोघींना त्रास नाही.

डिस्क घेताना सीएमआर (लिखाणाचे पट्टे सुटे) आहे की एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवलेले), हे मॉडेल नंबरावरून बघाच. डब्ल्यूडी रेडच्या २ ते ६ टीबीच्या ईएफएएक्स मालिकेत एसएमआर घातलेलं २०२० मध्ये उघड झालं. तेव्हापासून सीएमआर हवी तर 'रेड प्लस' म्हणून मागावी लागते. सीगेट आयर्नवुल्फ सीएमआर आहेत. सीगेट बाराकुडाच्या ४ आणि ८ टीबीच्या डेस्कटॉप डिस्क एसएमआर, त्या स्वस्त दिसल्या तरी नकोत. एसएमआर डिस्क रोजच्या वापरात गोड वागते. जोडीदार बदलून तासन्‌तास सलग लिहायची वेळ आली की मात्र तिची आतली आवराआवर सुरू होते, उत्तर यायला उशीर लागतो, आणि झेडएफएस तिला मेलेली समजून बाहेर काढतं.

टिळकवाडी_टर्मिनल

मिरर पटलं. मग एनएफएस की आयस्कझी? आणि ज्या थोड्या व्हीएम नॅसवर ठेवायच्या, त्यांच्या लिखाणाचं काय? तिथेही तोच १० मिलिसेकंदांचा खेळ ना?

किल्ला_तलाव

आयस्कझी म्हणजे नुसता कोरा ब्लॉक, तारेतून आलेली डिस्क समजा. एक एलयूएन (नॅसने दिलेली अशी एक डिस्क) दोन नोडनी एकाच वेळी ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) म्हणून माउंट केला तर दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो, काही मिनिटांत फाइलसिस्टिमचा चुराडा. प्रॉक्समॉक्समध्ये त्यावर एलव्हीएम (डिस्कचे भाग पाडणारी लिनक्सची व्यवस्था) घालून ते निभावतं, पण प्रॉक्समॉक्स ९ च्या आधीच्या आवृत्त्यांत तेव्हा क्यूकाऊ२ स्नॅपशॉटचं (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपण्याचं) सुख जातं. तीन नोडच्या घरगुती क्लस्टरला एनएफएस ४.१ किंवा ४.२ पुरे.

माउंट करताना 'हार्ड'च ठेवा. 'सॉफ्ट' ठेवलं की नॅस जरा उशिरा बोलला तरी ॲपला 'लिखाण फसलं' असं सांगितलं जातं, आणि बरीचशी ॲप तो निरोप नीट ऐकतच नाहीत. अर्धी फाइल मागे राहते. 'हार्ड'मध्ये नॅस परत येईपर्यंत सगळं थिजून बसतं. ते दिसायला वाईट, पण डेटा शाबूत.

आता सिंक. एनएफएसवरून व्हीएमने एफसिंक मागितलं तर नॅसने ते खरंच डिस्कवर उतरवूनच होकार द्यायला हवा. 'असिंक' चालू असेल तर नॅस रॅममध्ये घेऊन लगेच 'झालं' म्हणतो. वेग एकदम दहापट वाढल्यासारखा वाटतो, आणि वीज गेली की शेवटच्या काही सेकंदांची लिखाणं हवेत. काही तयार पेट्यांत एनएफएसच्या परवानगीच्या चौकटीत असिंकची टिक आधीच लागलेली असते. फोटोंच्या शेअरला राहू दे, व्हीएमच्या शेअरवरची काढा.

सिंक ठेवून वेग हवा तर दोन वाटा. पहिली, ट्रूनॅसमध्ये हार्ड डिस्कच्या पूलला वेगळा लॉग, म्हणजे एसलॉग जोडणं. त्याला जागा फार लागत नाही; २.५ गिगाबिटवरून सेकंदाला २८० एमबी आले आणि झेडएफएस दर पाच सेकंदांनी हातावेगळं करतं असं धरलं तरी दीड जीबीच्या आसपास. इंटेलची जुनी १६ जीबीची छोटी ड्राइव्ह ऑप्टेन एम१० चालते, पण तिचा लिखाणाचा वेग १४५ एमबी. गिगाबिटला पुरते, २.५ ला अडते.

दुसरी वाट मला जास्त आवडते: व्हीएमसाठी दोन साटा एसएसडीचा वेगळा मिरर. मात्र एसएसडी सर्व्हरच्या जातीच्या हव्यात, वीज गेली तर आतल्या कपॅसिटरवर शेवटचं लिखाण पुरं करणाऱ्या. सेकंडहँडमध्ये इंटेल डीसी एस३५१०, सॅमसंग पीएम८६३ अशा मिळतात. घरगुती एसएसडी खोक्यावर हजारो आयओपीएस (सेकंदाला होणारी कामं) सांगते, पण प्रत्येक लिखाणानंतर एफसिंक मागितलं की तिची शोभा होते.

मोजायचं असेल तर एफआयओ (डिस्कचा वेग मोजणारा प्रोग्राम) चालवा: ४ केबीचा ब्लॉक, रँडम राइट, रांग १, प्रत्येक लिखाणानंतर एफसिंक, ६० सेकंद. निकालात एमबी बघू नका, ९९ टक्क्यांच्या ओळीतला एफसिंकचा वेळ बघा. हेच नोडच्या आतल्या एनव्हीएमईवरही करा, तिथेही कधीकधी धक्का बसतो.

चिकोडी_रोड

सगळे नॅसच्या मागं लागलेत, पण सामायिक साठवण खरंच पाहिजे का हो? प्रॉक्समॉक्समध्ये झेडएफएस रेप्लिकेशन आहे की. तिन्ही नोडवर एकाच नावाचा लोकल झेडएफएस पूल करा, व्हीएमची प्रत दर १५ मिनिटांनी दुसऱ्या नोडवर जाते. हलवताना फक्त शेवटचा फरक जातो, अर्ध्या मिनिटाचं काम. नोड एकदम मेला तर शेवटची १५ मिनिटं गेली, वेळ कमी केली तर तेवढं कमी.

उलट सगळ्या व्हीएम नॅसवर ठेवल्या तर तीन नोड असून उपयोग काय? नॅस बंद म्हणजे तिघेही बंद. नॅसचं अपडेट करायचं तरी आधी अख्खं घर झोपवायचं.

मलप्रभाकाठ

@चिकोडी_रोड, मुद्दा रास्त, आणि या मांडणीला तोच बसतो. फक्त २५६ जीबीची एनव्हीएमई त्याला अपुरी. या मिनी पीसीत २.५ इंची साटाची जागा असते, तिथे प्रत्येकी एक एसएसडी घालून तिच्यावर झेडएफएस करा. १६ जीबी रॅमवर झेडएफएसच्या एआरसीला (वाचनासाठी रॅममध्ये ठेवलेल्या साठ्याला) २ जीबीची मर्यादा घाला, नाहीतर व्हीएमना रॅम उरत नाही.

सेफ (Ceph) आणि लाँगहॉर्न, म्हणजे नोडांच्याच डिस्क जोडून सामायिक साठवण करणारी सॉफ्टवेअर, यांचं नाव कुणी काढायच्या आधीच सांगतो: एका गिगाबिट पोर्टवर नको. लाँगहॉर्न मुळात तीन प्रती ठेवतो, म्हणजे प्रत्येक लिखाण तारेवरून दोनदा जाणार. सेफला १० गिगाबिटची सवय.

निपाणीकर

तयार की जुळवलेली, यावर.

डीएस९२३+: रायझन आर१६००, ४ जीबी ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) रॅम, ३२ पर्यंत वाढते. पण अंगचे पोर्ट दोन आणि दोन्ही १ गिगाबिट. दोन पोर्ट एकत्र बांधले म्हणून एका नोडला २ गिगाबिट मिळत नाही; एक जोडणी एकाच तारेवरून जाते, एकूण बेरीज तेवढी वाढते. एका तारेवर खरे ११०-११५ एमबी. १० गिगाबिटचं कार्ड वेगळं घ्यावं लागतं. सिनॉलॉजीच्या २०२५ च्या प्लस मॉडेलांना सुरुवातीला त्यांच्याच यादीतल्या डिस्क लागत. ऑक्टोबर २०२५ च्या डीएसएम ७.३ (सिनॉलॉजीची प्रणाली) पासून हार्ड डिस्क आणि २.५ इंची साटा एसएसडीपुरती ती अट सैल झाली. ९२३+ ला ती भानगड नाही.

टीएस-४६४: दोन २.५ गिगाबिट पोर्ट, दोन एनव्हीएमईच्या जागा. हार्डवेअर पैशाच्या मानाने चांगलं. पण पेटी राउटरवरून बाहेर उघडी टाकू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप पेट्यांच्या फाइली कुलूपबंद केल्या होत्या. हा सल्ला सगळ्याच कंपन्यांच्या पेट्यांना लागू. बाहेरून यायचं तर वायरगार्ड (व्हीपीएन).

सेकंडहँड पेटी घेणार असाल तर डीएस४१५+, डीएस१५१५+, डीएस१८१५+ यांपासून लांब. त्यांत इंटेल ॲटम सी२५३८ आहे. त्याच्या घड्याळाच्या सिग्नलचा दोष २०१७ मध्ये जाहीर झाला; चालू पेटी कधीतरी बंद केली की परत उठतच नाही.

एन१०० चा बोर्ड: वीज कमी खातो, रॅमची जागा एकच, अधिकृत मर्यादा १६ जीबी, पीसीआयई लेन (कार्ड आणि डिस्क जोडायच्या आतल्या मार्गिका) फक्त ९. त्यामुळे सहा साटा पोर्ट दिसले तर त्यामागे कोणता कंट्रोलर आहे ते विचारा. जेएमबी५८५ किंवा एएसएम११६६ असेल तर चालेल. एका साटा पोर्टला फोडून चार करणारे स्वस्त कार्ड नको, यूएसबीची डिस्क-पेटी तर झेडएफएसला अजिबात नको. मोलेक्सवरून साटाला वीज देणारी साच्यात ओतलेली वायर टाळा, आतल्या तारा एकमेकींना टेकल्या की प्लास्टिक पेट घेतं. क्रिंप केलेली (दाबून बसवलेली) घ्या. चार डिस्क एकदम फिरायला लागताना प्रत्येकी १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास ओढतात, म्हणजे त्या क्षणी नुसत्या डिस्कच १०० वॉट. ९० वॉटच्या ॲडॉप्टरवर चार डिस्क बसवल्या की 'कधी चार दिसतात, कधी तीन' हा खेळ सुरू. ट्रूनॅसला बूटसाठी वेगळी छोटी एनव्हीएमई द्या, पेनड्राइव्ह नको.

अवांतर: आमच्याकडं तंबाखूची धूळ, वडगावात मागाचे सुताचे तंतू. पंख्यासमोर जाळी लावा आणि महिन्याला झटका. डिस्कचं तापमान ४५ च्या आत ठेवा.

घटप्रभा_थ्रीफेज

इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, हे धाग्यातलं सगळ्यात महाग वाक्य आहे बघा. इन्व्हर्टरला मेनवरून बॅटरीवर यायला वेळ लागतो. यूपीएस मोडमध्ये १० मिलिसेकंदांच्या आसपास, साध्या मोडमध्ये त्याच्या कितीतरी पट. चांगला पॉवर सप्लाय भरल्या लोडवर १६-१७ मिलिसेकंद दम धरतो, स्वस्त ॲडॉप्टर तेवढाही नाही. शिवाय इन्व्हर्टर नॅसला सांगू शकत नाही की वीज गेली आहे. बॅटरी संपली की धाडकन बंद. स्क्वेअर वेव्ह असेल तर त्यावर हे लावूच नका.

लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्या, यूएसबीवाला. रायबाग-अथणीकडं पंपसेटचा थ्रीफेज सुरू झाला की घरातलं व्होल्टेज खाली बसतं, तिथे त्यातला एव्हीआर (व्होल्टेज सावरणारा भाग) रोज कामाला येतो. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे बहुतेकदा ३६० वॉट आणि आत १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी. कागदावर ८४ वॉट-तास, हाताला ५० लागतात. ८० वॉटच्या लोडवर नवी असताना अर्धा तास, दोन वर्षांनी दहा मिनिटं आली तरी देवाची कृपा. म्हणून 'बॅटरी लो' ची वाट बघत बसू नका, स्वस्त यूपीएसचे टक्के खोटे असतात. वीज जाऊन तीन-चार मिनिटं झाली की बंद करायला घ्या. हेस्कॉमचा (इकडच्या वीज कंपनीचा) छोटा झटका तेवढ्यात येऊन जातो.

यूपीएसची यूएसबी नॅसला, नॅसवर नटचा (यूपीएसची खबर सगळ्यांना देणाऱ्या प्रोग्रामचा) सर्व्हर, तिन्ही नोड त्याचे क्लायंट, पोर्ट ३४९३. आणि स्विचही यूपीएसवरच. तो मेला तर निरोप पोचणार कसा?

आता गृहज्योती. मिनी पीसी रिकामे असताना प्रत्येकी १०-१५ वॉट, तिन्हींचे ४०. चार डिस्कची पेटी ३५, स्विच ५. एकूण ८० वॉट चोवीस तास, महिन्याला ५८ युनिट. तुमची फुकट युनिटं ठरलीत २०२२-२३ च्या सरासरीवर १० टक्के धरून. त्याच्या वर आणि २०० च्या आत राहिलात तर वरच्या युनिटांचेच पैसे. २०० ओलांडलं की अख्खं बिल भरायचं. तेव्हा कुणी स्वस्तात जुना रॅक सर्व्हर गळ्यात मारत असेल तर १५० वॉट म्हणजे १०८ युनिट हा हिशेब आधी करा.

अजून एक. वळवाच्या पावसात विजा फार. दोन मजल्यांमध्ये उघड्यावरून गेलेली तांब्याची कॅट-६ असेल तर ती काढून फायबर टाका, नाहीतर स्विच आणि नॅसचे पोर्ट एकदम जातात. अर्थिंगचा खड्डा जांभ्यात असेल तर एप्रिलपर्यंत कोरडा पडतो. न्यूट्रल-अर्थमध्ये ३ व्होल्टच्या वर दिसलं तर पाणी घाला आणि वायरमनला बोलवा.

टिळकवाडी_टर्मिनल

डोळे उघडले. नॅस असणार आहे, तर त्यावर क्यूडिव्हाइस (क्लस्टरच्या मतदानातला बाहेरचा साक्षीदार) टाकून एक जादा मत घ्यावं का? आणि प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर नॅसवर बसवला तर?

किल्ला_तलाव

क्यूडिव्हाइस नको. तीन नोड, तीन मतं, दोनवर कोरम (चालू राहायला लागणारं बहुमत). तो दोन नोडवाल्यांसाठी. विषम संख्येत त्याने उलट नवा धोका वाढतो.

बॅकअप सर्व्हर नॅसवरच व्हीएम म्हणून किंवा कंटेनरमध्ये चालवा, डेटास्टोअर लोकल पूलवर. एनएफएसवरून जोडू नका. तो डेटाचे तुकडे ६५,५३६ फोल्डरांत विखरून ठेवतो आणि सफाईच्या वेळी प्रत्येक तुकड्याला हात लावतो. तारेवरून, तेही हार्ड डिस्कवर, म्हणजे रात्र संपते आणि सफाई चालूच. आणि या पूलची एक प्रत घराबाहेर हवी. दोन यूएसबी डिस्क आळीपाळीने. एक घरी, एक कोल्हापूर-गोव्याकडच्या पाहुण्यांकडे, एन्क्रिप्ट करून.

वडगावचा_माग

डिस्क आल्या की लगेच डेटा ओतू नका. स्मार्टचे (डिस्क स्वतः ठेवते त्या आरोग्यनोंदीचे) ५, १९७, १९८ हे आकडे शून्य हवेत. १९९ वाढत असेल तर डिस्क नाही, केबल बदला. मग लाँग टेस्ट, ४ टीबीला सात-आठ तास. मग बॅडब्लॉक्स (खराब जागा शोधणारा प्रोग्राम) लिखाणासकट. चार नमुने लिहून-वाचून आठ फेऱ्या, सुमारे ६० तास. हे परतीची मुदत संपायच्या आत उरकायचं. सीगेट असेल तर फार्मचे (सीगेटच्या वेगळ्या आतल्या नोंदीचे) तासही बघा, स्मार्टमॉनटूल्स (हे आकडे दाखवणारा प्रोग्राम) ७.४ पासून दिसतात. वापरलेल्या डिस्कचे स्मार्टचे तास पुसून नव्या म्हणून विकल्याचं युरोपात २०२५ च्या सुरुवातीला उघड झालं, ते याच आकड्यांवरून. सीरियल नंबर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का तेही तपासा. मिररच्या एका जोडीत एकाच खोक्यातल्या दोन डिस्क नको.

टिळकवाडी_टर्मिनल

तर ठरलं ते असं. प्रत्येक नोडला साटा एसएसडी, त्यावर झेडएफएस आणि रेप्लिकेशन. के३एसच्या व्हीएम एनव्हीएमईवर, न हलवता. एन१०० चा सहा साटाचा बोर्ड, ४ टीबीच्या चार सीएमआर डिस्क दोन मिररमध्ये, १६ जीबी रॅम, ट्रूनॅस. व्हीएमसाठी नॅसवर वेगळी एसएसडी आता लागत नाही, ते दोन पोर्ट मोकळे. ६०० व्हीएचा यूपीएस, नट. नेटवर्क सध्या गिगाबिटच.

घटप्रभा_थ्रीफेज

नटमध्ये होस्टसिंक मुळात १५ सेकंद असतं. नॅस नोडची तेवढीच वाट बघतो आणि स्वतः बंद होतो. तुमच्या व्हीएम बंद व्हायला दोन मिनिटं घेतात. ते १८० करा. आणि वीज आल्यावर नोड नॅसच्या आधी उठतात, तेव्हा प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएम सुरू व्हायला उशीर द्या, ३०० सेकंद. लावून झालं की एकदा यूपीएसची वायर खरोखर भिंतीतून काढून बघा, दिवसा.

चिकोडी_रोड

आणि काढायच्या आधी यूएसबी कुठल्या पोर्टला लावलीय ते बघा. काही यूपीएसवर आरजे-४५ (नेटवर्कच्या तारेच्या टोका) सारखं दिसणारं भोक असतं, ते लॅनचं असेलच असं नाही.